मागे राहिलेल्यांची साक्ष

सोलापूरच्या मधोमध असलेल्या तळ्यात सिद्धेश्वरांचे देऊळ उभे आहे. हे तळे ज्यांनी खोदवले ते सिद्धराम कवीही होते, ही गोष्ट शहराबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. बाराव्या शतकात या गावाचे नाव सोन्नलगी होते आणि सिद्धरामांची भाषा कन्नड होती. त्यांच्या नावावर आज हजाराहून अधिक वचने, म्हणजे शरण म्हणवणाऱ्या शिवभक्तांच्या रीतीची छोटी गद्यकाव्ये, मिळतात. ज्याच्यावर जीव जडला त्याने सोडून जाणे आणि ज्याच्यावर जीव जडला ते आपण सोडणे, या दोन्ही प्रसंगांतून हा माणूस गेला आणि दोन्हीविषयी त्याची वाणी बोलली. विरह आणि वैराग्य हे आपल्या कवितेचे फार जुने विषय आहेत. त्यांच्याकडे पाहताना आपण एक उतरंड मनात धरतो: टाकून दिलेल्याची तक्रार खालच्या पायरीवर, आणि स्वतःहून सोडणाऱ्याची शांती वरच्या. ही उतरंड मला चुकीची वाटते. सोडून देण्याविषयीची कविता खरी आहे की नाही, हे लिहिणाऱ्याच्या वैराग्यावर ठरत नाही. त्या सोडण्यामुळे कोण मागे राहिले, आणि त्याच्या दुःखाला त्या कवितेत जागा मिळाली का, यावर ते ठरते. सोलापूर आणि पंढरपूर या एकाच जिल्ह्यातल्या दोन क्षेत्रांनी याचा इतका पुरावा जपून ठेवला आहे की तो नीट लावून पाहायला हवा.

सिद्धरामांचे चरित्र तेराव्या शतकातल्या राघवांक या कन्नड कवीने लिहिले. लोककथेतही ते जवळजवळ तसेच आहे. रानात राखण करणाऱ्या मुलापुढे श्रीशैलचा मल्लिकार्जुन जंगमाच्या वेषात येतो आणि खायला मागतो. मुलगा कोवळे दाणे देतो. पाहुण्याला दहीभात हवा असतो म्हणून तो घराकडे धावतो, आणि परत येऊन पाहतो तर पाहुणा नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारत मुलगा रान पालथे घालतो. शेवटी यात्रेकरूंबरोबर श्रीशैलला पोचतो, तेव्हा लोक त्याला गाभाऱ्यातले लिंग दाखवतात आणि हाच मल्लय्या असे सांगतात. तो ऐकत नाही. आपल्याशी बोललेला, आपल्या हातचे खाल्लेला मल्लय्याच त्याला हवा असतो. अखेर तो कड्यावरून उडी घेऊ पाहतो आणि तिथे देव त्याला झेलतो. या कथेत एक गोष्ट विशेष आहे. ‘देव सर्वत्र आहे, रडू नकोस,’ असे मुलाला समजावणारे शहाणपण इथे हरले आहे. गाभाऱ्यातले लिंग दाखवणारे लोक तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने चुकत नव्हते. पण जो सोडून गेला त्याच्याऐवजी त्याची कल्पना स्वीकार, अशी त्यांची मागणी होती, आणि मुलाने ती नाकारली. परंपरेने त्या नकाराला हट्ट ठरवले नाही, त्यालाच भक्ती म्हटले. पुढे सिद्धरामांच्या वचनांच्या शेवटी जी मुद्रा, म्हणजे सहीसारखे नाव, येते ती ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ अशी आहे. जो रानात सोडून गेला होता, त्याच्याच नावाने हाक मारल्याखेरीज वचन पुरे होत नाही.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट दिशेचा. श्रीशैलहून परतलेल्या सिद्धरामांनी सोन्नलगीला देऊळ बांधले, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तळे खोदवायला घेतले. हजारो हात कामाला लागले असताना वचनकार संत अल्लमप्रभू तिथे आले. ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात दोघांचा संवाद विस्ताराने येतो. अल्लमांचा रोख कठोर होता: माती उपसणाऱ्याला पुण्य मिळेल, पण ‘हे मी केले’ ही भावना सुटल्याशिवाय मुक्ती कशी मिळणार? सिद्धरामांना ते पटले. ते शरणांचे केंद्र असलेल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले, तिथल्या चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतली आणि पुढे शरणांच्या शून्यसिंहासनाचे प्रमुख झाले. अखेरीस ते सोन्नलगीला परतले आणि तिथेच त्यांनी समाधी घेतली. हे सोडणे नेमके कशाचे होते, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. सिद्धरामांनी तळे सोडले नाही. ते आजही शहराच्या मध्यात आहे. सुटला तो त्या तळ्यावरचा मालकीचा भाव. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहाने कर्तव्य टाकणे तामस, कष्टाच्या भीतीने टाकणे राजस, आणि कर्तव्य करत असताना आसक्ती व फळ सोडणे सात्त्विक. ज्यांना तहान आहे त्यांचे पाणी तोडून मिळवलेली मुक्ती गीतेच्या कसोटीवर त्याग ठरत नाही. खुद्द सिद्धरामांनाही हे ठाऊक असावे. मन संसारात गुंतलेले असेल तर रीतसर लग्न करून संसार करावा, असा अर्थ सांगणारे एक वचन त्यांच्या नावावर आहे. वैराग्याचे सोंग त्यांना मान्य नव्हते.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो, आणि तो पुष्कळ जणांच्या मनात असतो. तक्रार करणारा अजून अडकलेला आहे, ज्याला कळले तो गप्प होतो, मग सोडून देण्याच्या कवितेत मागे राहिलेल्यांच्या रडण्याला स्थान कशाला? किंबहुना ज्याने खरेच सोडले त्याने लिहावे तरी का? याला उत्तर आपल्याच वाङ्मयात आहे. मराठीत सोडून जाण्याचा सर्वांत मोठा प्रसंग म्हणजे १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीला घेतलेली समाधी. जाणारा ज्ञानी होता, आत्म्याला मरण नाही हे त्याने स्वतः ओवीओवीतून सांगितले होते. तरी तो प्रसंग आपल्यापर्यंत पोचला तो पंढरपूरच्या नामदेवांच्या नावे असलेल्या समाधीच्या अभंगांतून, म्हणजे मागे राहिलेल्याच्या मुखातून. त्या अभंगांत सगळे संत व्याकूळ आहेत आणि ज्यांनी ज्ञानेश्वरांना ज्ञान दिले ते गुरू निवृत्तिनाथही व्याकूळ आहेत. वारकरी परंपरेला हे लाजिरवाणे वाटले असते तर तिने ते अभंग गाळले असते. सातशे वर्षे ते कीर्तनात गायले जातात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. गुरूचे रडणे ऐकून कुणी निवृत्तिनाथांना अज्ञानी म्हटलेले नाही. त्यांच्या अश्रूंमुळेच समाधीचे मोल कळते, कारण ज्याच्या जाण्याने काही रिकामे झाले नाही त्याच्या जाण्याला त्याग म्हणण्याचे कारणच उरत नाही.

ज्ञानेश्वरांच्या घराण्याने तर हा धडा एक पिढी आधीच भोगला होता. वडील विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यास घेतला. रुक्मिणीबाई मागे आहेत हे कळताच गुरूंनी त्यांना परत पाठवले. त्या गुरूच्या निर्णयाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. संन्यासाचा अधिकार असलेल्या माणसानेच सांगितले की मागे राहिलेल्या बाईचा हक्क तुझ्या मुक्तीपेक्षा आधीचा आहे. पुढे समाजाने त्या कुटुंबाचे जे केले ते क्रूर होते, आणि चार मुलांना ‘संन्याशाची पोरे’ हा शिक्का सोसावा लागला. पण गुरूचा निवाडा योग्यच होता. मराठी भाषेतले सर्वांत थोर तत्त्वचिंतन ज्या घरात जन्मले ते घर एका फिरवलेल्या त्यागावर उभे आहे. त्याच ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या, वाट पाहणाऱ्या बाईच्या मुखातून ते बोलले, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आता सोलापूर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या आवाजांकडे वळू. यांच्याकडे सोडण्यासारखे काही नव्हतेच. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि जन्मभर त्या घरची दासी राहिली. चोखामेळा मंगळवेढ्याचे. देवळाचे दार त्यांना बंद होते, आणि १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते गेले. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच, गणिकेची मुलगी. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आल्यावर तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायाशी प्राण ठेवले असे परंपरा सांगते. या तिघांना कुणी ‘सोडून दे’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगणे आहे. त्यांनी काही सोडले नाही, उलट घट्ट धरून ठेवले. जनाबाई विठ्ठलाशी भांडते, त्याला शिव्या देते, त्याच्याकडून दळण-कांडण करून घेते. चोखोबा आपल्या जातीचा जाब देवाला विचारतात. कान्होपात्रा तर सरळ विनवते की मला परक्याच्या हाती जाऊ देऊ नकोस. ही भाषा विरक्तीची नाही, हक्काची आहे. तरीही वारकऱ्यांनी या अभंगांना ज्ञानेश्वर-तुकारामांच्या बरोबरीने गाथेत बसवले, यात मला फार मोठे तात्त्विक शहाणपण दिसते.

या दोन प्रकारच्या कवींमधला भेद मुद्रेतही दिसतो. वचनाच्या शेवटी देवाचे नाव येते आणि कवी त्या नावामागे नाहीसा होतो. अभंगाच्या शेवटी ‘जनी’ येते, ‘चोखा’ येते, ‘कान्होपात्रा’ येते. ज्याच्यापाशी गाव, देऊळ, तळे, शिष्य होते त्याने स्वतःचे नाव गाळले. ज्यांच्याकडून सारे काढून घेतले होते त्यांनी नाव तेवढे राखले. जाणकार लगेच म्हणतील की हा त्या त्या संप्रदायाचा संकेत आहे, कवीची निवड नव्हे. शरणांमध्ये ढोर कक्कय्या, मादार चन्नय्या यांच्यासारखे खालच्या मानलेल्या जातींतले लोकही होते आणि वचनांचा रिवाज सगळ्यांना एकच होता. इकडे तुकाराम कुणबी वाणी असूनही ‘तुका म्हणे’ लिहीत, आणि ज्ञानेश्वरांच्या अभंगांत ‘बापरखुमादेवीवरू’ अशी देवाची मुद्राही आढळते. हे सगळे खरे आहे, आणि मुद्रेवरून कुणाची विरक्ती मोजता येईल असे माझे म्हणणे नाही. पण संकेत सर्वांना सारखा असला तरी प्रत्येकाच्या हाती त्याचे वजन सारखे राहत नाही. ज्या बाईला कुणी नावाने पुकारण्याचे कारण नव्हते, तिने शेकडो अभंगांत स्वतःचे नाव उच्चारले, तेव्हा तो नुसता रिवाज राहत नाही. तिथे अहंकार शोधायला जाणारा वाचक अभंगावर अन्याय करतो. अहंकार सोडायला आधी ‘मी’ असल्याची मान्यता मिळावी लागते, आणि ती मान्यता जनाबाईने स्वतःच्या मुखाने मिळवली.

तक्रार धरून ठेवण्याचे फळ काय, असेही विचारले जाईल. चोखोबांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली, पण देवळाचे दार उघडले नाही. उघडले ते १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केल्यावर. सहाशे वर्षांचा हा विलंब महाराष्ट्राला शोभणारा नाही. पण चोखोबांनी उंबऱ्याबाहेर समाधान मानून ‘देव हृदयातच आहे, दाराचा आग्रह कशाला’ असे म्हटले असते, तर ते वाक्य तत्त्वतः निर्दोष ठरून आपल्या सर्वांच्या अपराधावर कायमचे पांघरूण पडले असते. त्यांनी देव हृदयात आहे हेही म्हटले आणि दाराचा प्रश्नही सोडला नाही. टाकलेल्याने सोडून द्यावे हा उपदेश बहुतेक वेळा टाकणाऱ्याच्या सोयीचा असतो. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना तोवर घरादाराने, नातलगांनी हेच ऐकवले होते की नशीब म्हणून घे आणि विसर. त्यांनी विसरायला नकार दिला, पोटगी, रेशनकार्ड, घर यांवरचा हक्क सांगितला. त्या बायकांचे न विसरणे हे जनाबाईच्या भांडणाच्या जातीचे आहे, आणि त्याला आध्यात्मिक उणेपणा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तरी एक आक्षेप उरतो आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. माणूस कायम दुःख धरून बसला तर दुःख त्याला खाऊन टाकते. मग सोडण्याला काही अर्थच नाही का? आहे, आणि तो कसा येतो हे थेरीगाथेइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. बुद्धाच्या संघातल्या भिक्षुणींच्या या पाली गाथा आहेत. त्यांतल्या किसा गोतमीची कथा महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांनाही माहीत असते: मेलेले मूल घेऊन ती औषध मागत फिरते, आणि बुद्ध तिला ज्या घरात कुणी मेले नाही त्या घरच्या मोहऱ्या आणायला सांगतात. या कथेचा अर्थ आपण ‘मरण अटळ आहे’ एवढाच घेतो. पण बुद्धांनी तिला ते वाक्य सांगितले नाही. तिला दारोदार पाठवले. प्रत्येक दारात तिने आपले दुःख सांगितले आणि तिथले ऐकले, आणि त्यानंतर तिच्या हातून मूल खाली ठेवले गेले. तिच्या नावावरच्या गाथेतही स्त्रीजन्माची दुःखे एकामागून एक उच्चारली आहेत, मुक्तीची वार्ता त्यानंतर येते. सोडणे हे ऐकले गेल्यानंतर घडते, ऐकले जाण्याऐवजी नाही. श्रीशैलच्या कड्यावरही देवाने मुलाला उपदेश केलेला नाही, आधी हात धरला आहे. जो मुलगा असा झेलला गेला होता, त्यालाच पुढे अल्लमांचे कठोर बोलणे पेलले, हा क्रम मला योगायोगाचा वाटत नाही.

आणि आता सिद्धरामांच्या कथेतला तो भाग, जिथे माझ्या या युक्तिवादाची खरी परीक्षा आहे. सोलापूरकर दर संक्रांतीला तो भाग साजरा करतात. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्न करायचे मनात धरले. ते योगी, लग्न शक्य नव्हते. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावू दिले. त्या लग्नाच्या स्मरणार्थ संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, सम्मती कट्ट्यावर सम्मती, म्हणजे लग्नाची मंगलाष्टके, वाचली जाते आणि लाखभर हातांतून अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर कुंभारकन्येच्या प्रतीकाचे दहन होते, कारण लग्नानंतर ती अग्नीत गेली असे कथा सांगते. भाविकांच्या दृष्टीने ती देवाशी एकरूप झाली, आणि त्या श्रद्धेचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. एका अविवाहित योग्याच्या गावाने वर्षातला सर्वांत मोठा सण त्याच्या मागे राहिलेल्या मुलीच्या लग्नाचा ठेवावा, ही गोष्ट माझ्या म्हणण्याला बळच देते. गावाला तिला विसरता आले नाही. सिद्धरामांच्या त्यागाची किंमत कुणीतरी मोजली, हे सोलापूर दरवर्षी जाहीरपणे मान्य करते.

पण कथेत तिला नाव नाही, ती फक्त कुंभारकन्या आहे. वचनसाहित्यात तिचे एकही वचन नाही. त्या काळी बायका लिहीत नव्हत्या म्हणून असे झाले असे म्हणावे, तर अक्कमहादेवींपासून तीसहून अधिक स्त्रियांची वचने आपल्यापाशी आहेत. कुंभाराच्या घरात कविता कुठली असे म्हणावे, तर कुंभार गुंडय्यांची पत्नी केतलदेवी हिचे वचन टिकले आहे. म्हणजे जागा होती, भाषा होती, रीत होती, फक्त या मुलीचे म्हणणे कुणी विचारले नाही. योगदंडाशी लग्न लावताना तिला काय वाटले, ते तिचे सोडणे होते की तिला सोडून देणे होते, होमाकडे ती कशी गेली, यातले काहीही तिच्या मुखातून आलेले नाही. जनाबाईचे दुःख आपल्याला जनाबाईकडून कळते, नामदेवांचे नामदेवांकडून. हिचे मात्र आपण सिद्धरामांच्या चरित्राच्या कडेला वाचतो. अक्षता टाकणारे लाख हात आणि तिचा एकही शब्द नाही, हे सोलापूरच्या या थोर वारशातले न्यून आहे असे मी स्पष्ट म्हणतो, आणि सिद्धरामांच्या वचनांचा आदर राखूनच म्हणतो. ज्या कवीने सोडून गेलेल्या देवाला हाका मारण्याचा आपला हक्क कधी सोडला नाही, त्याच्या गावात तरी दुसऱ्या कुणाची हाक ऐकायची राहू नये.

सोलापुरात आज कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांत लिहिणारी माणसे आहेत. शाळा-महाविद्यालयांतून कवितेच्या स्पर्धा होतात, आणि सोडून जाणे हा विषय तरुणांच्या वह्यांत सर्वांत जास्त असतो. त्यांच्यापैकी कुणीतरी कुंभारकन्येचे म्हणणे लिहावे. ते तिला देवी करून लिहू नये आणि बिचारी करूनही लिहू नये. एका मुलीने एका माणसाकडे काय मागितले होते आणि तिला काय मिळाले, एवढे खरे लिहिले तरी पुरे. पुढच्या संक्रांतीला सम्मती कट्ट्याजवळ ते कुणी मोठ्याने वाचले तर सिद्धरामांच्या परंपरेला ते धरूनच होईल.